दुसरी वायर

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण: शिस्त. पंधरा तारखेला नेटवर्किंगची सर्टिफिकेशन परीक्षा. पास झालो तर श्रीविद्या मॅडम मला सपोर्ट डेस्कवरून नेटवर्क टीममध्ये घेणार. नाही झालो तर काय, ते मॅडम बोलल्या नाहीत. पण आमचं डेस्क एप्रिलमध्ये बंद होतंय, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.
ठराव: रोज पहाटे उठून अभ्यास. आत्ता साडेआठ वाजलेत, पण आजचा दिवस प्लॅनिंगचा.

५ फेब्रुवारी
स्विचिंग झालं. म्हणजे व्हिडिओ बघून झाले, दीडपट स्पीडने. स्विच एकाच घरातली मशीन्स जोडतो, राउटर एका घरातून दुसऱ्या घरी पोचवतो. सोपं आहे. लोक उगाच घाबरतात.
खाली राहणारे घरमालक भीमसेन अण्णा यांना समजावून सांगितलं. मंडळी मराठीच, पण कित्येक पिढ्या बंगळुरात, मल्लेश्वरममध्येच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आमच्या मागच्या खोलीत वायफाय का येत नाही? मी म्हटलं, तो वेगळा चॅप्टर आहे. सरी, सरी, म्हणाले. म्हणजे कानडीत ठीक आहे.

८ फेब्रुवारी
नीलिमाला इंटरव्ह्यूचा कॉल. शाळेची विज्ञानाची पुस्तकं काढणारी कंपनी, संपादकाची जागा. नागपूरला ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माझ्या बदलीपायी सुटलं. त्यानंतरचा हा पहिलाच इंटरव्ह्यू. परवा अकराला, ऑनलाइन. नेट नीट चालेल ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नवरा नेटवर्क इंजिनिअर आहे. (होणार आहे.)
अभ्यास: एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन जुना स्विच आणि वायरी आणल्या. हाही अभ्यासच.

९ फेब्रुवारी
टीव्हीच्या कपाटात लॅब उभी केली. राउटरमधून एक वायर स्विचला, स्विचमधून एक नीलिमाच्या लॅपटॉपला. स्पीड उत्तम. नीलिमा खूश. भाजी चिरताना इंग्रजीत उत्तरं पाठ करत होती. मला ऐकू येतंय हे कळल्यावर गप्प झाली.
स्पॅनिंग ट्री नावाचा चॅप्टर सोडला. काहीतरी झाडांचं आहे. शेवटी बघू.

१० फेब्रुवारी, ११.०५
इंटरव्ह्यू चालू. मी बाहेर, कपाटापाशी पहाऱ्यावर. आतून ऐकू आलं की तिचा व्हिडिओ एकदा अडखळला. लगेच राउटर आणि स्विचमध्ये दुसरी वायर लावली. एक गेली तर दुसरी आहे. याला रिडन्डन्सी म्हणतात.

११.०७
नेट गेलं. घरभर. वायफायसुद्धा. नशीब, दुसरी वायर वेळेवर लावली होती.

दुपार
इंटरनेट कंपनीला फोन लावून गच्चीवर गेलो आणि कॉल सेंटरच्या माणसाला झापलं. लेटन्सी वगैरे शब्द वापरले. तो म्हणत राहिला, सर, आमच्याकडून लाइन ठीक आहे. यांचं हे नेहमीचंच. खाली आलो तर नेट चालू! झापल्याचा परिणाम.
इंटरव्ह्यूची वेळ मात्र टळली होती. नीलिमाने मोबाइलवरून त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, उमेदवार बरेच आहेत, कळवू. मी तिला सांगितलं, कंपनीची चूक होती, मी दुरुस्त करून घेतली. ती हो म्हणाली. नेसलेली चांगली साडी तिने संध्याकाळपर्यंत बदलली नाही.

११ फेब्रुवारी
स्पॅनिंग ट्री वाचला. दोन स्विचमध्ये दोन वायरी लावल्या की लूप होतो. निरोप गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क बसतं. लूप तोडायला स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री लागतो, स्वस्तातल्या स्विचमध्ये तो नसतो. राउटरच्या मागची भोकंही स्विचच असतात, असं तळटिपेत आहे.
पुस्तक मोठ्या ऑफिसांबद्दल आहे. घराला लागू होईलच असं नाही.

त्याच दिवशी, नंतर
कपाट उघडून बघितलं. दुसरी वायर नाही. खालच्या कप्प्यात गुंडाळून, रबरबँड लावून ठेवलीय. मीच ठेवली असणार. गडबडीत लक्षात राहत नाही.
मी वायरींना रबरबँड लावत नाही.

१२ फेब्रुवारी
तिच्याकडे बघवत नाही. कॉफी दिली तर दोनदा थँक्यू म्हणालो.
ठराव: परीक्षा झाल्यावर सांगणे. आत्ता सांगितलं तर तिला त्रास होईल. तिच्यासाठीच थांबतोय.
तिने अण्णांना सांगितलंय की उल्हासने कंपनीला झापून नेट चालू करून घेतलं. आता अण्णा मला स्वल्प, म्हणजे जरा, मागच्या खोलीचं बघा म्हणताहेत.

१५ फेब्रुवारी
नापास.
तसं बघितलं तर स्क्रीनवर नुसतं नापास नसतं, कुठे सुधारणा हवी तेही असतं. जवळजवळ सगळीकडे हवी आहे. लूपवरचा प्रश्न बरोबर आला.
जिन्यात अण्णांनी गाठलं. मी म्हटलं, सेंटरचा सर्व्हर बंद पडला, परीक्षा पुढे गेली. तर त्यांच्या पत्नी कृष्णाबाई हयग्रीवाचा, म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गुळाच्या गोडाचा, डबा घेऊन बाहेर आल्या. पासचं म्हणून केलं होतं. म्हणाल्या, असू दे, पुढच्यासाठी खा. गच्चीवर जाऊन सगळा डबा संपवला. नीलिमाला दिला असता तर तिने विचारलं असतं, कशाबद्दल. परीक्षा ठीक गेली, रिझल्ट उद्या, एवढंच तिला सांगितलं.

१६ फेब्रुवारी
सांगितलं. बरीच प्रस्तावना केली. रिडन्डन्सीचं तत्त्व कसं चुकीचं नाही, वगैरे. मग वायरीवर आलो.
ती म्हणाली, "माहीत आहे. वायर मीच काढली. तू गच्चीवर फोनवर होतास तेव्हा."
मी विचारलं, मग बोलली का नाहीस.
"तुझी परीक्षा पाच दिवसांवर होती. तुला लागलं असतं, अभ्यास झाला नसता."
यानंतर मला नापास झाल्याचं सांगावं लागलं. ती उठून कुकर लावायला लागली. मी म्हटलं, मी लावतो. म्हणाली, नको.

१८ फेब्रुवारी
नीलिमाने स्वतः कंपनीला मेल केला होता. उत्तर आलं. परवा अकराला पुन्हा बोलावलंय. मी म्हटलं, या वेळी कशालाही हात लावणार नाही, नुसता बाहेरच्या खोलीत बसेन.
तिने लॅपटॉप बंद केला. "उल्हास, त्या वेळात तू घराबाहेर जाशील का?"
चांगल्या आवाजात विचारलं. रागावून विचारलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं.

२० फेब्रुवारी, सकाळ
सँकी तलावाच्या बाकावर. पुस्तक आणलंय, उघडलेलं नाही. फोन पालथा ठेवलाय. मग सुलटा केला. मग पालथा.
लोक चालताहेत. एकजण तिसऱ्यांदा समोरून गेला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं असेल, हाही व्यायामाला आलाय.

बारा वाजून गेल्यावर तिचा मेसेज: झालं. चांगलं गेलं. आता आलास तरी चालेल.