विश्वजीतच्या विहिरी

३ नोव्हेंबर, सोमवार

लिंक्डइनवर प्रोफाइल करा म्हणे. शेफाली मॅडमनी आज पीएच.डी.च्या सगळ्यांना बसवून सांगितलं — डिसेंबरात नागपूरला भूजल परिषद आहे, विभागातून एकच विद्यार्थी बोलणार, आणि तिथली मंडळी आधी ऑनलाइन बघतात की हा माणूस कोण. मग माझ्याकडे वळून, "तुम्हीसुद्धा, दिगंबरराव." मॅडम माझ्या गाइड. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान.

सव्वीस वर्षं विश्रांतवाडीत पंप दुरुस्त केले. भूजल मला कोणी शिकवलं नाही. जुनी पुस्तकं, मोजायची टेप आणि वही. बी.एस्सी., एम.एस्सी. बाहेरून. बावन्नाव्या वर्षी इथे. हे सगळं त्या एवढ्याशा चौकोनात कुठे बसवायचं? हेडलाइन मागतात. मी काय वर्तमानपत्र आहे?

४ नोव्हेंबर

हेडलाइन: "भूजल निरीक्षक. स्वयंशिक्षित. वाघोली परिसरातील ३१ विहिरी, २००९ पासून, वर्षातून दोनदा."

घरी सुशीलाला वाचून दाखवली. म्हणाली, "छान आहे. उंची आणि रंग राहिला."

६ नोव्हेंबर, गुरुवार

जोडले गेलेले लोक — सात. त्यातला एक पंप विकतो.

७ नोव्हेंबर

माझ्याबरोबर पीएच.डी. करणाऱ्या विश्वजीतने विहिरींवर पोस्ट टाकली. विहिरी माझ्या! फोटोत हा कठड्यावर एक पाय ठेवून, गॉगल लावून. विहीर मागे अर्धीच दिसते. खाली नकाशा, तक्ता, आणि वर ओळ — खराडीपासून वाघोलीपर्यंत आपण ज्यांच्यावर इमारती बांधतोय, त्या विहिरी अजून बोलतात. ६१२ लाइक.

मी पहिली विहीर मोजली तेव्हा हा तिसरीत होता. मे महिन्यात मीच त्याला स्कूटरवर मागे बसवून एकेक विहीर फिरवली. शेवटी लिहिलंय, "दिगंबरकाकांनी विहिरी दाखवल्या." दाखवल्या म्हणे. रिक्षावालाही दाखवेल.

८ नोव्हेंबर

८४०. वाईट याचं वाटतं की लिहिलंय चांगलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं.

चौदा नंबरची विहीर, वाघोलीची, दत्तोबांच्या शेतातली. त्याच्या तक्त्यात मे महिन्याची पातळी ८.३५ मीटर. माझ्या वहीत ८.६०. टेप सोडतात कठड्याच्या वरच्या कडेपासून. जो आकडा येतो त्यातून कठड्याची उंची वजा करायची, की जमिनीपासून पाणी किती खाली ते मिळतं. टेपवर आम्ही दोघांनी मिळून ९.२० वाचलं होतं. चौदाचा कठडा साठ सेंटिमीटर. एकतीसच्या एकतीस कठडे मला पाठ आहेत. त्याने काय वजा केलं देव जाणे.

फोन करता आला असता. नाही केला. त्याच्या पोस्टखालीच लिहिलं: "चि. विश्वजीत, विहीर क्र. १४ — ८.३५ नव्हे, ८.६०. मोजमापात पंचवीस सेंटिमीटरला क्षमा नसते."

दुपारपर्यंत माझ्या त्या दोन ओळींना ९४ लाइक. सुशीलालाही वाचून दाखवल्या. त्याचं उत्तर आलं, "थँक यू काका. तुम्ही म्हणताय म्हणजे तेच बरोबर. अपडेट करतो."

केलंही.

१३ नोव्हेंबर

कोणीतरी खाली विचारलंय, मग बाकीच्या तीस विहिरींचं काय? दुसऱ्याने लिहिलंय, आधी गॉगल काढा, मग आकडे वाचा. हे दोनदा वाचलं.

कॅन्टीनमध्ये विश्वजीत एकटाच बसला होता. "काका, चहा?" म्हणाला. घेतला. नेहमीसारखाच पाणचट असणार. आज बरा लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नागपूरला मी!

मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खरं तर मी विश्वजीतचं नाव धरलं होतं. पण आकड्यांचं असं जाहीर झाल्यावर —" विश्वजीत खाली बघत होता. नंतर जिन्यात गाठून म्हणाला, "अभिनंदन, काका. स्लाइड्स करायला बसू का तुमच्याबरोबर?"

नको म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

परिषदेच्या पत्रकासाठी मॅडमना माझा विहिरीजवळचा फोटो हवा होता. चौदा नंबरलाच गेलो. दत्तोबांच्या हातात मोबाइल दिला आणि कठड्यावर एक पाय ठेवायला गेलो. पाय वर जाईना. गुडघा धरलाय असं वाटलं. परत प्रयत्न केला.

दत्तोबा हसायला लागले. "सायेब, तुमचा गुडगा बरा हाय. कठडाच वाढलाय. शेरडू पडलं व्हतं आत, म्हून पाडव्याला येक थर चढवला."

पाडव्याला. म्हणजे मार्चअखेर. आम्ही मोजलं ते मे महिन्यात.

टेप काढली. पंच्याऐंशी. तीन बाजूंनी मोजलं. पंच्याऐंशी. ९.२० वजा ०.८५ — ८.३५.

आता सगळं आठवतंय. मे महिन्यात मी सावलीत दत्तोबांशी बोलत बसलो होतो आणि विश्वजीत उन्हात वाकून कठड्याला टेप लावत होता. मी बसल्या जागेवरून ओरडलो होतो, "अरे, ते कशाला? मला पाठ आहेत."

"काढू का फोटू?" दत्तोबांनी विचारलं. राहू दे म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या दुपारी बारापर्यंत नागपूरला नाव कळवायचंय. मी बोललो नाही तर कोणाला कळणार नाही. दत्तोबा काही लिंक्डइनवर नाहीत.

विश्वजीतला ठाऊक असेल? पंच्याऐंशी त्यानेच मोजले होते. ठाऊक असून गप्प राहिला असेल, तर ते वाईट. स्वतःच्या टेपपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खोडलं असेल, तर ते त्याहून वाईट.

इथे तरी खरं लिहावं. मला आकडा दुरुस्त करायचाच नव्हता. मला ते ८४० सहन होत नव्हते. आजही होत नाहीत. सकाळी परत बघितले — ११०० झालेत. आणि नागपूरच्या स्टेजवर मला उभं राहायचंय. पंपवाला म्हणून नाही, बोलणारा म्हणून. एकदाच.

जेवण गेलं नाही. सुशीलाने विचारलं, सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, पण पंचवीस सेंटिमीटरला क्षमा नसते ना?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

नऊ वाजता मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. त्याचं नाव कळवते."

मग पोस्ट लिहिली. माझी पहिलीच. चार ओळी — ८.३५ बरोबर होतं, चूक माझी, कठडा त्याने मोजला होता, मी नाही. पण त्यात माणसाचं नाव जोडतात ते कसं, हे काही केल्या जमेना. शेवटी विश्वजीतलाच फोन लावला.

"सोपं आहे, काका. कोणाला टॅग करायचंय?"

"तुला," म्हटलं.