चार भोकांत दोन टीव्ही

४ मार्च, सोमवार

आला एकदाचा डबा! दारात उभा आहे, शेजाऱ्यांचा निम्मा उजेड अडवून. हे त्याला ‘आपलं फिरतं घर’ म्हणतात. मी ह्यांच्यासमोर ‘गाडी’ म्हणते आणि मनात डबा.

आत एक पलंग, हातभर ओटा, वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागेल असं न्हाणीघर. पुढे बैठक, म्हणजे एक बाक आणि एक टेबल. पलंग आणि बैठक यांच्यामध्ये एक पातळ भिंत, भिंतीत सरकतं दार. दार मध्येच अडकतं, पण आहे! हे मला गिअर, बॅटरी, पाण्याची टाकी असं सगळं दाखवत होते. मी मान डोलवत होते आणि बघत होते ते दार.

सहा महिने फिरायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे ह्यांनी ठरवलंय आणि मी ‘हो’ म्हटलंय. इतकी वर्षं हे दिवसभर पाणीपुरवठा खात्याचे होते. निवृत्त झाल्यापासून दिवसरात्र माझे आहेत.

५ मार्च

ह्यांचं सकाळचं पहिलं वाक्य — ‘आता टीव्ही बसवायचा!’

जग बघायला निघायचं आणि गाडीत पहिली वस्तू टीव्ही. मी म्हटलं, एवढ्या खिडक्या आहेत की. तर म्हणाले, ‘खिडकीत बातम्या लागतात का?’

ह्यांचं टीव्ही बघणं म्हणजे खरं तर बोलणं. बातम्या देणारी एक वाक्य बोलते, हे तीन बोलतात. ‘अगं, ऐकलंस का?’ ‘अगं, हा बघ, कालच उलटं बोलला होता!’ घरी मी ‘हं’ म्हणत म्हणत स्वयंपाकघरात सटकते आणि दार लोटून घेते. दाराआड काय करते? काही नाही. खिडकीशी बसते. हे लिहिते. कधी नुसतीच ओट्याला टेकून उभी राहते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो.

माणूस वाईट नाही. फक्त सतत आहे.

डब्यात ओटा बैठकीतच आहे, त्यामुळे सटकायला स्वयंपाकघर नाही. उरली मागची खोली. ती मला हवी, दारासकट. नाहीतर सहा महिने मी कुठे जाऊ? पण ‘मला जरा एकटीला बसायचंय’ हे वाक्य या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नाही. मी उच्चारलं तर हे दुखावतील. मग विचारतील, ‘का?’ आणि मग त्या विषयावर बोलतील!

८ मार्च

युक्ती सुचली! जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, ‘मागेसुद्धा एक टीव्ही हवा. मला माझ्या मालिका बघायच्या असतात.’

माझ्या मालिका! आयुष्यात एक धड पाहिलेली नाही.

हे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. ‘असं? कुठली बघतेस?’

‘ती हो. सासूची.’

‘कुठल्या सासूची?’

‘वाईट सासूची.’

‘बरं,’ म्हणाले आणि घास घेतला. एवढ्यावर मी सुटले. मागे टीव्ही म्हणजे मागे मी, आणि टीव्हीच्या आवाजाचा पुढे त्रास नको म्हणून दार बंद. कसं ओघानेच आलं!

१० मार्च, रविवार

फिटर येऊन गेला. अशा गाड्यांमध्ये टीव्ही, पंखे, दिवे बसवणं हेच त्याचं काम. चाळिशीचा, कानावर पेन्सिल. मधली भिंत बोटांनी ठोठावली, कान लावला, पुन्हा ठोठावली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काकू, ही भिंत नाही. पडद्याची थोरली बहीण आहे. दोन्हीकडे पातळ प्लाय, मध्ये फोम. स्क्रू आज धरेल, उद्या सोडेल.’

त्याचं म्हणणं, पुढचा टीव्ही बाजूच्या भिंतीला, जिथे आतून लोखंडी पट्टी आहे तिथे लावावा. मागचा छोटा, हलका, कपाटाशेजारी. दोन्हींसाठी वेगळी भोकं. भोकं म्हटल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, जणू ती ह्यांनाच पाडायची आहेत. कोऱ्या गाडीला भोकं!

ह्यांनी कागद काढला. एक जाड फळी, चार भोकं, आरपार बोल्ट. मधल्या भिंतीला पुढून ह्यांचा टीव्ही, मागून माझा, पाठीला पाठ लावून. ‘चार भोकांत दोन टीव्ही! दोन्हीकडे सारखं वजन. तराजू!’

‘काका, तराजू एका जागी उभा असतो. गाडी पळणार.’

‘अरे, मी पाण्याच्या टाक्या उभ्या केल्यात.’

‘टाक्या पळत नाहीत, काका.’

शेवटी हेच जिंकले. फिटर टीव्हीच्या मापाचे दोन पुठ्ठे कापून भिंतीला चिकटवून गेला. म्हणाला, दोन दिवस बघा, डोकं आपटतंय का, मान दुखतेय का. संध्याकाळी चहा घेऊन गाडीत गेले तर हे पुठ्ठ्यासमोर बसलेले. मला म्हणाले, ‘जरा बाजूला हो, दिसत नाही.’

१३ मार्च

खोटं बोलायला निदान पूर्वतयारी करावी माणसाने.

काल संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे सटकले, दार लोटलं, बसले. तेवढ्यात हाक — ‘अगं, ये, लागली तुझी मालिका!’ हे बातम्या सोडून वाईट सासू लावून बसले होते! माझ्यासाठी जागा केली, पाठीशी उशी ठेवली. काय करते, बसले. आज पुन्हा तेच.

म्हणजे मागच्या खोलीसाठी जे खोटं बोलले, त्यात हातचं स्वयंपाकघर गेलं.

वर ह्यांचे प्रश्न. ‘हा कोण? धाकटा की मधला?’ मला काय माहीत! ‘पुढे कळेल,’ म्हटलं. दुपारी धाकट्या बहिणीला फोन केला आणि मालिकेची सगळी वंशावळ विचारून घेतली. ती खूश झाली. म्हणाली, ‘तायडे, शेवटी लागलीस ना नादी!’

१४ मार्च

सासूने सुनेच्या औषधाची बाटली बदलली. हे म्हणाले, ‘बाई हुशार आहे.’ मला उगाच ठसका लागला.

१९ मार्च

लागले दोन्ही टीव्ही. फळी लागली, बोल्ट आरपार गेले, आणि ते थरथरून सैल होऊ नयेत म्हणून रबरी चकत्या. फिटर एकेक बोल्ट आवळताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मंत्र नसावेत. जाताना म्हणाला, ‘काकू, माझं नाव कुणाला सांगू नका.’

मी मागे जाऊन दार ओढून बघितलं. अडकलं, मग सरकलं, मग लागलं. पलंगाच्या कडेला बसले. भिंतीपलीकडून ह्यांच्या बातम्या ऐकू येत होत्या, पण लांबून, दुसऱ्याच्या घरातून याव्यात तशा. छोटी खिडकी आहे. बाहेर नुसतं शेजाऱ्यांचं कुंपण दिसतं. फार बरं वाटलं. सहा महिने निघतील, असं पहिल्यांदा वाटलं.

२३ मार्च, शनिवार

पडली!

गाडी चालवून बघू म्हणून गावाबाहेर निघालो होतो. हे चालवत होते, मी शेजारी. मागे ह्यांचा टीव्ही मुद्दाम चालू ठेवलेला — चालत्या गाडीत चित्र हलतं का ते बघायचं होतं. गतिरोधक आला. ह्यांनी वेग कमी केला, खोटं कशाला बोलू. पण पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची चढली आणि उतरताना असा आवाज झाला की मला वाटलं आपण कुणाला तरी धडकलो.

वळून बघितलं. भिंत मुळापासून उपटून पलंगावर आडवी. ह्यांचा टीव्ही वर, छताकडे तोंड करून बातम्या सांगतोय. माझा खाली, उशीत तोंड खुपसून. सरकतं दार न्हाणीघराला टेकून उभं, आपला काही संबंध नसल्यासारखं.

‘तुला लागलं नाही ना? लागलं नाही ना?’ हे दोनदा विचारत होते. मी म्हटलं, मला काय लागणार, मी पुढे होते.

दोन्ही टीव्ही शाबूत. गादीवर पडले, ओरखडासुद्धा नाही. गेली ती फक्त भिंत. म्हणजे नेमकं तेवढंच, जेवढं मला हवं होतं.

२४ मार्च

फिटर आला, बघितलं, ‘मी सांगितलं होतं’ असं एकदाही म्हणाला नाही. ह्या बाबतीत मोठ्या मनाचा. मग म्हणाला, ‘आता भिंत लावूच नका काका. बघा किती ऐसपैस वाटतंय! एकच टीव्ही बाजूला लावतो, पलंगावरूनही दिसेल, बाकावरूनही.’

लेकीचा फोन आला. तिचंही तेच. ‘आई, मोकळं किती छान वाटेल! आणि तुम्हा दोघांना आता आडपडदा कशाला हवाय?’

सगळे माझ्या भल्याचंच बोलतायत. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत एकच खोली, एकच टीव्ही, आणि त्यात आम्ही दोघं. जेवताना, झोपताना, बातम्या ऐकताना.

हे मात्र गप्प आहेत. टेप घेऊन नुसते मापं घेतायत. ह्यांच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते. सवय नाही.

२७ मार्च

अजून गप्प. मालिका लावली तीसुद्धा न बोलता बघितली.

२८ मार्च

आज सोक्षमोक्ष लावायचा असं मी ठरवूनच बसले होते. ह्यांनी विचारलं, ‘मग, भिंतीचं काय करायचं? तू सांग.’

वेळ होती. समोर होते, टीव्ही बंद होता, ऐकत होते. सरळ एक वाक्य बोलायचं होतं — मला अधूनमधून एकटं राहायचं असतं, त्यात तुमचा काही दोष नाही. मनात अगदी तयार होतं. आणि तोंडातून काय बाहेर पडलं? ‘मला माझी मालिका शांतपणे बघता यायला हवी!’ आणि मी रडायला लागले. हमसून हमसून. साठी उलटलेली बाई, वाईट सासूसाठी!

हे घाबरले. पाणी आणून दिलं. पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ‘बरं, बरं. बघू आपण,’ म्हणाले. मग बातम्या लावल्या, पण आवाज अगदी बारीक.

स्वतःचाच राग येतोय. लग्नाच्या नवऱ्याला एक सरळ वाक्य सांगता येत नाही मला. जीभ रेटत नाही. हे काय मला खाणार आहेत?

२ एप्रिल

जिंकले!

नवी भिंत उभी राहिली. या वेळी आतून लोखंडी नळ्या, खाली जमिनीत आणि वर छतात पक्क्या केलेल्या. ह्यांचा टीव्ही बाजूच्या पट्टीला, माझा छोटा कपाटाशेजारी, फिटरने पहिल्या दिवशी सांगितलं होतं अगदी तसंच. सगळ्याला वेगळी भोकं. आणि ह्यांनी एकही भोक मोजलं नाही! उभे राहून नुसतं म्हणत होते, ‘मजबूत कर रे बाबा, मजबूत कर. आवाज पलीकडे जायला नको.’

आवाज जायला नको! माझ्या मालिकेचा ह्यांना एवढा त्रास होतो की काय? असो. अभिनयाचं एखादं बक्षीस मला मिळायला हरकत नव्हती. दार आता मऊ सरकतं, एका बोटाने.

५ एप्रिल

उद्या निघायचं. सासू सुधारली. फारच कंटाळवाणी झाली.

६ एप्रिल, शनिवार

निघायच्या आधी फिटर आला, सरकत्या दाराला कडी बसवून गेला. छोटी, पितळी, आतल्या बाजूने. मी विचारलं, ही कुणी सांगितली?

‘काकांनी. म्हणाले, आतूनच बसव, बाहेरून माझा हात पोचायला नको. तिला मधूनमधून कुणी नको असतं, घरी स्वयंपाकघरात जाऊन बसते. आणि मागच्या टीव्हीची वायर जोडत बसू नकोस म्हणाले, ती बघत नाही.’

हे पुढे बसून आरसे सारखे करत होते. शीळ घालत.

म्हणजे सगळं माहीत होतं. किती वर्षांपासून, देव जाणे. लाज वाटली. मग रडू आलं, आणि या वेळी कशासाठी ते नीट माहीत होतं.

इतकी छान कडी. आता ती लावायची कशी?