उभ्याने दिसत नाही

प्रिय वहिनी,

सगळं बदललं ते काल सकाळी. पुढचा दात पडलेली एक मुलगी माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने चित्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ही बाई वाट नाही बघत काही. ही चाललीय." तिचं नावही मला माहीत नाही. पण हे पत्र लिहितोय ते तिच्यामुळे आणि तुझ्यामुळे. परवा तू फोनवर विचारलंस, "अहो भाऊजी, तुमची मैत्रीण जाईल तेव्हा तुम्ही स्टेशनवर तमाशा नाही ना करणार?" आणि मी फोन आपटला. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी चौथीत होतो, त्यामुळे एरवी तू मला अरे-तुरेच करतेस. 'अहो भाऊजी' निघालं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. आज दुपारच्या गाडीने ती जातेय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलोय, पण फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र. आणि पेन्सिलने लिहितोय म्हणून हसू नकोस. संग्रहालयाच्या दालनात शाईचं पेन न्यायची बंदी आहे, चुकून चित्राला लागलं तर गेलंच ते. त्यामुळे हल्ली माझ्या सगळ्या खिशांत पेन्सिलीच असतात. सुतार झालोय नुसता.

या संग्रहालयातली शिकाऊ जागा तूच शोधलीस. कॉलेज अर्ध्यात सोडून मी खोलीत तोंड फिरवून पडलो होतो आणि दादाने बोलणं टाकलं होतं, तेव्हा तू दारात उभी राहून म्हणालीस, "काडेपेटी, तुला येता-जाता सगळ्यांना अक्कल शिकवायची खोड आहेच, मग लोक मुद्दाम ऐकायला येतात तिथे जाऊन शिकव." दादा आतून ओरडला होता, "ज्याला स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लावता येत नाहीत तो चित्रं समजावणार!" मी दार आपटलं. पण आवाज झाला नाही, कारण तू चौकटीला जुन्या चादरीची पट्टी ठोकून ठेवली होतीस. दार आपटू नकोस असं तू मला कधीच म्हणाली नाहीस, वहिनी. फक्त पट्टी ठोकलीस. तेव्हा मला त्याचाही राग आला होता, माणसाला धड रागावताही येऊ नये म्हणजे काय! आता या भाड्याच्या खोलीत पट्टी नाही, तर दर वेळी आठवते.

इथलं काम म्हणजे शाळेची मुलं येतात, त्यांना चित्रं दाखवायची. पण दाखवायची म्हणजे सांगायची नाहीत! आमच्या विभागाच्या बाईंची शिस्त अशी, की मुलं यायच्या आधी चित्राखालच्या पाटीवर राखाडी पुठ्ठा लावायचा. चित्राचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. मुलांना एकाच चित्रापुढे बसवायचं आणि विचारायचं: काय दिसतंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? बस. 'बरोबर' म्हणायचं नाही आणि 'चूक' तर मुळीच नाही. मला 'चूक' म्हणायची बंदी! माशाला सांगावं की बाबा, पोहू नकोस. पहिल्या आठवड्यात जीभ इतकी चावली की जेवताना झोंबायची. एकदा एक पोरगा म्हणाला, ढगात म्हैस आहे. मी विचारलं, कशावरून? तर त्याने शिंगं दाखवली, शेपूट दाखवली, आणि वहिनी, होती गं म्हैस! त्या दिवशी मी गालातल्या गालात हसत खोलीवर आलो. कॉलेजात मला कुणी कधी 'कशावरून' असं विचारलं असतं, आणि उत्तर ऐकायला थांबलं असतं, तर मी बहुतेक सोडलं नसतं.

या विचारण्यात आणखी एक नियम आहे. मुलं जमिनीवर चटईवर बसली की आपणही त्यांच्यात खाली बसायचं. बाईंचं वय झालंय, गुडघे कुरकुरतात, तरी त्या बसतात. मी मात्र उभाच राहायचो. बाई दोनदा म्हणाल्या, "बस रे, कुणी खाणार नाही तुला." पण मला वाटायचं, खाली बसलो तर मुलं ऐकणार नाहीत. आणि शिवाय ते चित्र! खिडकीशी खुर्चीवर बसलेली एक बाई, अर्धी पाठमोरी, चेहऱ्यावर उजेड, एक हात खिडकीच्या कठड्यावर. माझा डबा मी रोज त्याच दालनाबाहेरच्या बाकावर खायचो आणि हात धुऊन परत तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो. माझी खात्रीच होती, ही कुणाची तरी वाट बघतेय. माझीच, हे तुला सांगायला नको. विचार करताना कानाची पाळी चोळायची माझ्या मैत्रिणीची सवय, पाठीवर ती कायमची जड पिशवी आणि ते सावकाश चालणं, मला त्या चित्रात सगळं दिसायचं. तू तिला गोगलगाय म्हणतेस आणि वर 'पोटात पाय' असंही जोडतेस. कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण घ्यायला ती इतक्या लांब, दोन वर्षांसाठी निघाली, तेव्हा मला वाटलं, बघ, वहिनीचं खरं ठरलं. पण इतके दिवस मी मनाची समजूत घालत होतो की ऐन वेळी तिचा पाय निघणार नाही.

तर काल त्या दातपडकीने म्हटलं, "ही चाललीय." माझा पारा चढला. नियम गेला चुलीत. मी म्हणालो, "अगं, ती वाट बघतेय! चेहऱ्यावर दिसत नाही का?" पोरगी जराही घाबरली नाही. माझ्याच सुरात, मान वाकडी करून तिने विचारलं, "कशावरून?" सगळी मुलं खिदळली. मी तोंड उघडलं आणि मला एकही गोष्ट सांगता येईना. महिनोन्‌महिने बघितलेलं चित्र! मग ती चटईवर जागा करत म्हणाली, "दादा, खाली बस ना. उभ्याने दिसत नाही." शेंडेफळाला कोण दादा म्हणणार? मला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. बसलो. आणि खरंच, उभं राहिलं की वरच्या दिव्याची चकाकी चित्राच्या खालच्या भागावर पडते आणि तिथे नुसता काळोख वाटतो. बसल्यावर ती चकाकी सरली. बाईच्या पायात बूट होते, पट्टे घट्ट बांधलेले. एक टाच उचललेली. खुर्चीखाली सावलीत पिशवीचा बंद. इतके दिवस मी फक्त तिचा चेहरा बघत होतो, वहिनी. तिचे पाय मी पाहिलेच नव्हते.

मागे वळून बघतो तर आमच्या विभागाच्या बाई उभ्या. म्हटलं, संपलं, आता कॉलेजनंतर हेही सुटलं. मुलं गेल्यावर त्यांनी मला पुठ्ठा काढायला लावला. पाटी रोजचीच, पण धड वाचली मी काल पहिल्यांदा: 'खिडकीतली स्त्री. चित्रकार अज्ञात.' मला एकदम हसूच आलं. बाई म्हणाल्या, "वाट बघत असेलही ती. तुझं म्हणणं कुणी खोडलंय? फक्त उद्यापासून चटई तू अंथरायचीस आणि पहिला तूच बसायचंस." एवढंच बोलल्या. बोलणी खायची इतकी सवय झालेल्या माणसाला हे फार जड जातं गं. जिन्याखाली जाऊन जरा रडलो. दादाला सांगू नकोस. किंवा सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. गेल्या रविवारी ती मला म्हणाली होती, "तू मनापासून थांब म्हणालास, तर मी थांबेन." तेव्हापासून तो एकच शब्द मी तोंडात धरून बसलोय, आज फलाटावर टाकायचा म्हणून. आणि ती थांबलीही असती, बूट घालून, टाच उचलून, जन्मभर. नाही म्हणणार मी तो शब्द. तिची जड पिशवी डब्यापर्यंत नेईन, खिडकीशी जागा बघून देईन आणि हसेन. पण तिला समोर बघितल्यावर माझा काय भरवसा? म्हणून हे तुला लिहून ठेवलं. जगात मी कुणापुढेही खोटा पडायला तयार आहे, तुझ्यापुढे नाही. स्टेशनच्या वाटेवर टपालपेटी आहे. आधी हे पाकीट तिच्यात पडेल, मग मी फलाटावर जाईन. एकदा पडलं की मागे फिरता येणार नाही. आजवर माझ्या दारांना पट्ट्या तू ठोकल्यास, ही शेवटची मीच ठोकली असं समज. रविवारी घरी येतो, दादाला म्हणावं, बटणं नीट लावून येईन. चल, वेळ झाली. पेन्सिल खिशात टाकतो, बाहेर पडतो आणि कडी हातात धरून दार हळूच लावतो.

तुझाच,
काडेपेटी