तळघराचा गारवा

१९ एप्रिल, शनिवार

आज जाऊन आले. श्रीकांतला सांगितलं, मैत्रिणीकडे, शारदाकडे चालले. नवऱ्याशी खोटं बोलून सख्ख्या दिराच्या हॉटेलात जेवायला जायचं — काय वेळ आली!

आत गेले आणि क्षणभर कळेचना कुठं उभी आहे. लग्न होऊन आले तेव्हा इथं सासऱ्यांचे पॉवरलूम चालायचे, बोललेलं ऐकू यायचं नाही. आता तिथं लाकडी टेबलं, पिवळे दिवे, कोपऱ्यात पिझ्झाची भट्टी. अक्षयनं नाव ठेवलंय 'माग'. गर्दी होती. केळीवाल्या व्यापाऱ्यांची पोरं, इंदूरहून आलेलं एक कुटुंब, दोन-तीन ओळखीचे चेहरे, ज्यांनी मला पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझ्या जावेनं, रंजितानं, केळफूल घातलेला पिझ्झा पुढं ठेवला. "ताई, सच बताओ, कसा झालाय?" खरंच चांगला होता. कडा कुरकुरीत, केळफूल जरा कडसर. बिअर अक्षय स्वतः बनवतो, गव्हाची. एक घोट घेतला. मला नाही आवडली, पण त्याच्या तोंडाकडे बघून छान म्हटलं.

२२ एप्रिल, मंगळवार

श्रीकांतला शाळेत पुन्हा कोणीतरी बोललं. सर, तुमच्या भावाकडे परवा पार्टी केली, मजा आली. मुलांना गणित शिकवणाऱ्याच्या भावाचा बिअरचा धंदा — लोकांना विषयच मिळाला.

पण त्याचा खरा राग बिअरवर नाहीच. माग विकताना अक्षयनं विचारलं नाही, यावर आहे. श्रीकांत शाळेत होता आणि इकडे ट्रक भरून गेला. तेव्हापासून अबोला. वडील गेले तेव्हा अक्षय सहावीत होता, श्रीकांतनंच त्याला वाढवलं. त्यामुळे हा अबोला साध्या भांडणाचा नाही.

२६ एप्रिल, शनिवार

आईंना घेऊन गेले. आधी नको नको म्हणत होत्या, मग स्वतःच निरांजन आणि हळदकुंकू पिशवीत घालून तयार.

अक्षयनं आम्हाला तळघर दाखवलं. पूर्वी तिथं सूत ठेवायचे. आता स्टीलच्या मोठ्या टाक्या, त्यांत बिअर आंबते. वर शेगडीसारखं ऊन आणि खाली एवढं गार की अंगावर काटा आला. आईंनी टाकीला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि खाली फरशीवर ठेवलं. विझलं. पुन्हा लावलं. हातात नीट जळायचं, फरशीवर ठेवलं की विझायचं. वारा नव्हता.

अक्षय हसला. आंबताना गॅस निघतो म्हणाला, जड असतो, खाली बसतो. म्हणून तर हा पंखा. त्यानं बटण दाबलं, भिंतीतला पंखा घरघरला आणि सगळं ठीक वाटलं.

घरी येताना रिक्षात आई एकच वाक्य बोलल्या. "मृणाल, ती जागा मला बरी नाही वाटली."

३० एप्रिल, आखाजी

अक्षय्य तृतीयेचा आमरस, पुरणपोळी. अक्षय-रंजिताला बोलवायचं का, हे मी विचारलं नाही आणि श्रीकांतनं सांगितलं नाही. जेवताना मात्र दोनदा दाराकडे पाहिलं त्यानं.

७ मे, बुधवार

भाईदास तळघराच्या पायरीवर पडला.

भाईदास आधी आमच्या मागांवर होता, आता भट्टी सांभाळतो. खालून पिंप आणायला गेला, वर येता येता कोसळला. डोक्याला खोक पडली. मी भेटायला गेले तर खाटेवर उठून बसला. म्हणाला, "मले खाली दमच भेटत नाही वहिनी. पाय जसे माझे नाहीतच."

अक्षय म्हणतो, ऊन लागलं. एवढ्या उन्हात भट्टीपाशी उभं राहणारा माणूस, होतं असं. पण रंजितानं मला बाजूला नेऊन सांगितलं — पंखा दिवसभर बंदच असतो. चालू ठेवला तर एसीचा गारवा बाहेर जातो, बिअर खराब होते. खाली जायच्या आधी थोडा वेळ लावतात. त्या दिवशी भाईदास घाईत होता.

मी अक्षयला चांगलं सुनावलं. खाली मान घालून ऐकून घेतलं, पुन्हा नाही होणार म्हणाला. मग विचारलं, "वहिनी, हे दादाच्या कानावर नाही ना गेलं?"

१० मे, शनिवार

फोन करून विचारलं, पंखा चालू आहे का. हो म्हणाला. मागं ऐकू येतो का म्हणून कान देऊन ऐकलं. नुसती गाणी वाजत होती.

१३ मे, मंगळवार

झोप नीट लागत नाही. पोळ्या करताना मनात येतं, आत्ता कोण खाली गेलं असेल. माझं हे असलं डोकं!

१६ मे, शुक्रवार

सांगून टाकलं श्रीकांतला. सगळं. शारदाचं नाव सांगून जात होते तेही, निरांजनाचं, भाईदासचं.

वाटलं होतं चिडेल. त्यानं पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, त्या तळघराला खिडकी नाही. बाबा सूत काढायचे तेव्हा आधी दोन्ही दारं उघडी टाकून चहा प्यायला जायचे. हे अक्षयला कोण सांगणार, तो तेव्हा लहान होता.

"रविवारी जेवायला जाऊ त्याच्याकडे," म्हणाला. "मीच बोलतो."

मला रडूच आलं. किती दिवसांनी त्याच्या तोंडून भावाचं नाव ऐकलं.

१८ मे, रविवार, सकाळी

रंजिताचा फोन. अक्षय पहाटेपासून कामाला लागलाय, जणू कोणी मंत्री येणार. श्रीकांतनं इस्त्रीचा शर्ट काढलाय. मी बोलले म्हणून हे जुळलं. मग छातीत एवढं जड का वाटतंय?

त्याच दिवशी, संध्याकाळी

दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आले. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

जेवण छान चाललं होतं. श्रीकांतनं पिझ्झा भाकरीसारखा दुमडून खाल्ला, अक्षय हसला, श्रीकांतही हसला. श्रीकांत पीत नाही. तरी अक्षय म्हणाला, दादा, तुझ्यासाठी वेगळी बनवलीय, फक्त एक घोट घे. मी स्वतः आणतो खालून.

"पंखा लाव आधी," श्रीकांत म्हणाला.

"लावतो रे."

बटण दाबल्याचा आवाज मी ऐकला. पण लाईट गेलेली होती. हॉलमधले दिवे इन्व्हर्टरवर, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पंखा इन्व्हर्टरवर नव्हता.

अक्षय येईना. श्रीकांत हात पुसत उठला, बघतो म्हणाला. रंजिताही उठत होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, बस गं, दोघा भावांना बोलू दे जरा. मीच म्हटलं. आम्ही दोघी बसून राहिलो. मी उरलेला तुकडासुद्धा खाल्ला.

मग भाईदास ओरडला. त्यानं आम्हाला खाली जाऊ दिलं नाही, दारात आडवा झाला. दोन्ही दारं उघडली, टेबलावरचे पंखे आणायला धावला, तेव्हा कळलं की लाईटच नाही. फायर ब्रिगेडवाले तोंडाला मास्क लावून उतरले. अक्षय वरच्या पायऱ्यांवर सापडला. तिथपर्यंत त्याला श्रीकांतनं ओढत आणलं होतं. श्रीकांत त्याच्या खालच्या पायऱ्यांवर, हात अजून त्याच्या कमरेला.

दोघेही आत आहेत. डॉक्टर काही सांगत नाहीत. निघते.

२६ मे, सोमवार

अक्षयला आज आमच्याकडे घरी आणलं. दवाखान्यात त्याला कोणी काही बोललं नव्हतं, डॉक्टरांनीच मनाई केली होती. रंजिताचा हात धरून हळूहळू ओट्यावर आला, दम घेत टेकला. म्हणाला, "दादा एकदाही बघायला आला नाही, वहिनी. रागावला असेल. पंखा लाव म्हणाला होता तो."

त्या संध्याकाळी मी कपडे घेऊन परत पोचायच्या आतच श्रीकांत गेला होता. आई आतल्या खोलीत होत्या, रंजितानं तोंड फिरवलं.

मी अक्षयच्या शेजारी बसले आणि सांगितलं.