लिमिटच्या वरची ओळ

पप्पा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मागच्या सोमवारी एका दवाखान्यात आमच्या कंपनीच्या वॉर्मरने, म्हणजे नवजात बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्याने, ठरल्यापेक्षा जास्त उष्णता दिली.

२. अलार्म वाजला. नर्सने बाळाला उचललं. सुरक्षेच्या वेगळ्या सर्किटने हीटर बंद केला. बाळ ठीक आहे.

३. चूक प्रोग्रामच्या एका नव्या ओळीत सापडली. त्या ओळीत तुमचा लिमिट नावाचा मॅक्रो वापरला होता आणि त्याच्या आत एक फंक्शन दिलं होतं.

४. असं करू नका, हे तुम्ही त्या मॅक्रोच्या वर लिहून ठेवलं होतं. नवी ओळ लिहिली गेली तेव्हा तो इशारा तिथे नव्हता.

५. तो दीड वर्षापूर्वी मी काढला.

६. अहवाल मला लिहायचा आहे. शुक्रवारी द्यायचा आहे. पाचवा मुद्दा अजून कुणाला माहीत नाही.

तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुमची कॉमन फाईल मात्र आहे तिथेच आहे. प्रोग्राममधल्या प्रत्येक फाईलच्या पहिल्या ओळीत तिचं नाव असतं. कुणी काहीही नवं लिहिलं तरी ते यंत्राच्या भाषेत नेणारा कम्पायलर आधी तुमचं वाचतो आणि मग त्याचं. सगळ्यांना लागणारी छोटी मापं, छोटे हिशेब, कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं, हे सगळं त्या एका जागी. दिवसातून शेकडो वेळा ती वाचली जाते आणि एकही माणूस ती वाचत नाही. ऑफिसात तिला 'ताता' म्हणतात. तेलुगूत ताता म्हणजे आजोबा. "ताता को हाथ नक्को लगाओ, पूरा बिल्ड फिर से होता," असं नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, कारण तिच्यात काही बदललं की सगळा प्रोग्राम नव्याने बांधावा लागतो. मी तेव्हा स्क्रीनकडे बघत असते. वरच्या कोपऱ्यात तुमची दोन आद्याक्षरं आहेत, बाकी काही नाही. पूर्ण नाव का नाही लिहिलं, असं मी एकदा विचारलं होतं. "पूर्ण नाव वाचलं की काही लोक तिथंच थांबतात माय," तुम्ही म्हणालात. "मला वाटतं त्यांनी खालचंही वाचावं."

चिक्कडपल्लीच्या आपल्या स्वयंपाकघरात दुपारचं ऊन भिंतीवरून खाली उतरतं आहे. मी दहा वर्षांची आहे. आईची टेलिफोन एक्सचेंजमध्ये सकाळची ड्युटी आहे आणि आपण दोघं भुकेले आहोत. कपाटाच्या दाराला आतून तुम्ही एक यादी चिकटवली आहे. पोहे, बरणी. हळद, डबी. ज्वारीचं पीठ, मोठा डबा. मी विचारते, यादीत सगळं आहे, पण कुठे आहे ते का नाही लिहिलं? तुम्ही स्टुलावर बसून, जणू कुणी फार मोठा प्रश्न विचारला आहे अशा चेहऱ्याने सांगता, "यादीचं ते काम नाही. यादी एवढंच म्हणते, या घरात पोहे आहेत आणि ते बरणीत आहेत. कुठे आहेत ते नंतर बघू."

"नंतर कोण बघणार?"

"लिंकर."

"म्हणजे कोण?"

"तुझी आई. चारला येते."

आपण त्या दिवशी पाव खाल्ला. आई चारला आली, चप्पल काढता काढता तिने ताटल्या पाहिल्या. "एवढी शिकलेली माणसं, आणि पाव खाऊन बसलीत," असं म्हणून तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि पोह्यांची बरणी ओट्यावर ठेवली. तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "लिंक झालं." पुढे कॉलेजात डिक्लेरेशन आणि डेफिनिशन, म्हणजे वस्तू आहे असं सांगणं आणि ती प्रत्यक्ष असणं, यांतला फरक आणि दोन्ही जोडणारा लिंकर शिकवला तेव्हा मी वहीत काही लिहून घेतलं नाही.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मला याच कंपनीच्या कारखान्यात घेऊन जायचात. तेव्हाचा तो लांब हॉल मला अजून स्वप्नात दिसतो आणि स्वप्नात तो जरा जास्तच लांब असतो. दोन्ही बाजूंना पाळणे, प्रत्येकावर नारिंगी उजेड, आणि प्रत्येकात बाळाच्या जागी पाण्याने भरलेली एक पिशवी. बाहेर मे महिना आणि आत इतक्या साऱ्या न जन्मलेल्या बाळांना तुम्ही साडेछत्तीस अंशांवर सांभाळत फिरता आहात. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून तुम्ही हळू चालता, निदान मला तसं वाटतं. मी एका पिशवीवर तळहात ठेवते. ती कुणाच्या तरी पोटासारखी लागते. मग मी तुमच्या टेबलाशी येऊन बसते आणि तुम्ही मला लिमिट दाखवता. आकडा फार लहान असेल तर खालची मर्यादा द्यायची, फार मोठा असेल तर वरची, आणि मधला असेल तर तोच द्यायचा.

"पण मॅक्रोला अक्कल नसते," तुम्ही म्हणता. "जे द्याल ते जिथं जिथं जागा आहे तिथं चिकटवून मोकळा होतो. साधा आकडा दिला तर ठीक. फंक्शन, म्हणजे बोलावलं की हिशेब करून उत्तर आणणारं, ते दिलं तर तीनदा चालतं. आपल्या दाजीसारखं."

दाजी म्हणजे आत्याचे यजमान. नांदेडच्या गाडीने नामपल्लीला उतरायचे आणि आपल्याकडे यायचे.

"दाजी तीनदा कुठे येतात?"

"येतात की. एकदा घरी कोण आहे बघायला, एकदा स्वयंपाक कुठवर आला बघायला, आणि मग जेवायला."

मी इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलं. तुम्ही तिथल्या तिथे, रोमन अक्षरांत, मराठीत ती ओळ लिहिलीत: आत फंक्शन देऊ नका. दाजीसारखं आहे, एकदा बोलावलं की तीनदा येतं.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलं होतं, तेही त्याच वर्षी. तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, "टेक्निशियन लिहायला शाई जास्त लागते का?" आवाज वाढवला नाही. दुसरा फॉर्म आणायला लावलात. मी पुढे तसं कधी खोटं लिहिलं नाही. त्याऐवजी मी तो रकानाच टाळायला शिकले. या कंपनीत मी तुमची मुलगी आहे हे कुणाला माहीत नाही. मालक बदलले, जुनी माणसं गेली, आणि कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

दीड वर्षापूर्वी बाहेरचे तपासनीस येणार होते. प्रोग्राममधले सगळे शेरे, म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या ओळी, इंग्रजीत हवेत, असं ठरलं. आमचे साहेब वयाने मोठे आहेत आणि इथल्या रीतीप्रमाणे मला अम्मा म्हणतात. "ये तुम्हारी लँग्वेज है ना अम्मा? तुम ही कर दो." मी केलं. ओळीमागून ओळ तुमचं बोलणं येत होतं आणि मी ते इंग्रजीत कोरडं करत होते. लिमिटपाशी आले तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारी चहाचा कप घेऊन मागे उभी होती. ती वारंगलची आहे, मनाने सरळ. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "दाजी... सारखं... दाजी कौन है रे?" आणि हसली. त्यात कुचेष्टा नव्हती. माझे कान मात्र तापले. आपलं घर, आत्या, दाजींची पिशवी, तुमचा टेक्निशियनचा निळा कोट, सगळं त्या स्क्रीनवर उघडं पडल्यासारखं झालं.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "जोक है." आणि ओळ पुसली.

मॅक्रोचं हे वागणं कुठल्याही पुस्तकात असतं, इशाऱ्याची गरज नाही, असं मी स्वतःला त्याच मिनिटात पटवलं. बदलाच्या नोंदीत लिहिलं: शेरे इंग्रजीत केले. ही नोंद खरी होती, फक्त एका ओळीने कमी.

लिमिटच्या आत फंक्शन देणारी ती नवी ओळ त्याच सहकारिणीने लिहिली. हीटरची ताकद काढणारं फंक्शन मागची कसर लक्षात ठेवतं आणि दर वेळी बोलावलं की ती पुढे वाढवतं. ते एकदा बोलवायचं असतं. ते तीनदा येत होतं, आणि तिसऱ्यांदा आलेलं उत्तर, जे हीटरला मिळालं, ते कुणी मर्यादेत आहे का म्हणून पाहिलेलंच नव्हतं. आमच्या चाचणीत त्या फंक्शनच्या जागी कायम एकच आकडा देणारं नकली फंक्शन होतं. त्याला कितीदाही बोलवा, काही फरक पडत नाही. पाण्याच्या पिशव्या आता फक्त नव्या मॉडेलसाठी भरतात. हा छोटा बदल समजला गेला.

बुधवारच्या बैठकीत ती उभी राहिली. "गलती मेरी है सर. मैं लिमिट को फंक्शन समझी. ऊपर कुछ लिखा भी नहीं था."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. "तुम्हारी कैसे अम्मा? ताता की फाईल है. लिखो, पुराना कोड, मॅक्रो अनसेफ, लिखने वाले गुजर गए." मग समजुतीच्या सुरात, "मर गए सो आदमी को क्या फरक पड़ता. जिंदा लोगां की नौकरी बचती."

ते वाईट बोलले नाहीत. त्यांना तिची नोकरी वाचवायची होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा, थोडीशी. तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं, तुम्ही धोका सांगितलाही होता, त्या खोलीत हे जाणणारी मी एकटी होते आणि मी पेनाचं टोपण लावत होते. माझ्या शेजारी ती बसली होती, जिने दीड वर्षापूर्वी मला सरळ विचारलं होतं की इथे काय लिहिलं आहे.

आज रविवार. सकाळी आईला विहारात सोडून मी घरी आले आणि अहवाल लिहिला. कारणांच्या खाली आता असं आहे: या मॅक्रोत फंक्शन देऊ नये असा इशारा मूळ लेखकाने दिला होता. तो मी काढला. ओळ जुन्या नोंदींत जशीच्या तशी आहे, ती सोबत जोडली आहे, भाषांतरासह. दाजींचंही भाषांतर केलं. सिस्टर्स हजबंड. वाचताना ते विनोदी वाटत नाही.

हे लिहिताना हात थांबला नाही. थांबला तो पुढच्या वाक्यापाशी: मूळ लेखक माझे वडील. ते ठेवलं तर साहेब म्हणतील, मुलगी बापाचं नाव राखायला बसली आहे, आणि बाकीचा अहवालही त्याच नजरेने वाचतील. काढलं तर अहवाल स्वच्छ राहतो. शिवाय कुणाला काही सांगावं लागत नाही, जे मला नेहमीच सोपं वाटत आलं आहे.

एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे दुसऱ्या, मोठ्या कंपनीचंही पत्र होतं. इथे का आलीस, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा मी वैद्यकीय उपकरणांबद्दल बरंच काही बोलले. मी त्या फाईलसाठी आले होते. तुमचं इतकं सगळं बोलणं एका जागी दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. आणि ते मीच इंग्रजीत केलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि मी ते कुणाला दाखवणार नाही. तरीही विचारायचं ते विचारते. अहवाल शुक्रवारी सकाळी अकरा वाजता जाईल. 'माझे वडील' हे दोन शब्द ठेवू की काढू, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.