डिझेलचे यंत्र एकदा बंद करण्याबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अपर्णा पोतनीस,
साहाय्यक अभियंता, भूमिगत गटार काम,
साइट कार्यालय, लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : कंपूमागील आमच्या गल्लीत डिझेलचे छोटे खोदयंत्र एकदा आणून, चालू करून, बंद करण्याबाबत.

संदर्भ : डिझेलऐवजी बॅटरीचे यंत्र मिळावे, हा माझा आधीचा अर्ज (मंजूर).

महोदया,

आपण मराठी आहात असे साइटवर कळले, म्हणून हा अर्ज मराठीत लिहीत आहे. पहिला हिंदीत होता. त्यात फक्त यंत्राविषयी लिहायचे होते, ते जमले. आता पत्नीविषयीही लिहायचे आहे.

१. माझी पत्नी लीला हिची फुप्फुसे निकामी होत आली होती. दवाखान्यातून तिला घरी आणले, त्याच सुमारास गल्लीत खोदकाम सुरू झाले. मोठे यंत्र गल्लीत शिरत नाही, म्हणून डिझेलचे छोटे आणले. ते नेमके आमच्या खिडकीखाली उभे राहत असे. फडताळातली भांडी वाजत. धूर आत येऊन तिला खोकल्याची उबळ येई, म्हणून यंत्र चालू असेपर्यंत खिडकी लावून ठेवावी लागे. समोरच्या शालिनीताई आणि ती रोज त्या खिडकीतून बोलत. तेवढा वेळ तेही थांबे. ती सारखी विचारी, "बंद झालं का हो?" यंत्र थांबले की मी खिडकी उघडीत असे आणि समोरून हाक येई, "काय गं लीला, आहेस ना?" ही म्हणे, "आहे, आहे. जाते कुठे!"

२. म्हणून मी अर्ज केला. आपण तो मंजूर केला, त्याबद्दल आभारी आहे. पण बॅटरीचे यंत्र येण्याआधीच ती गेली. तेव्हा खाली इंजिन चालू होते. तिने विचारले, "बंद झालं का हो?" मी म्हणालो, "होतंय, आता होतंय." रडण्याचा आवाज ऐकून ऑपरेटर रामवीरने इंजिन बंद केले. त्याची चूक नाही. त्याला काय माहीत!

३. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. माझी मुलगी सोनिका म्हणाली, "आई, बाबांना मी इंदूरला नेते, एकटं ठेवत नाही." भाऊ म्हणाला, "वहिनी, सोनिकाचं लग्न थाटात करू." कावळा भिंतीवर बसून राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी आलो तर गल्लीत नवे यंत्र काम करीत होते. अगदी जवळ जाईपर्यंत मला ते कळले नाही. रामवीर म्हणाला, "बाबूजी, ये बैटरीवाली है. चालू हो तो भी पता नहीं चलता."

४. माझी बॅटरीच्या यंत्राविषयी तक्रार नाही. धूर नाही, भांडी वाजत नाहीत, फक्त बकेटचे दात मातीत घासल्याचा आवाज येतो. दुपारी चार्जिंगला लावतात तेव्हा मजूर सावलीत झोपतात. यंत्र चांगले आहे. लवकर यायला हवे होते, इतकेच.

५. अडचण अशी की त्या शांततेत आतल्या खोलीतून विचारणे ऐकू येते, "बंद झालं का हो?" मी आत जाऊन सांगतो, "झालं गं, केव्हाच झालं." थोड्या वेळाने पुन्हा विचारते. सोनिका फोनवर म्हणते, "बाबा, ते तुमच्या कानात आहे." असेल. पण भाजी आणतो, औषधे वेळेवर घेतो, हिशेब चुकत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तिने ते यंत्र बंद झालेले ऐकलेच नाही. नुसते सांगून तिला पटत नाही. नव्या यंत्राचा चालू झाल्याचाच आवाज येत नाही, तर बंद झाल्याचा तिला कसा यावा?

६. डिझेलचे यंत्र सध्या इंदरगंजच्या बाजूला आहे. आमच्या गल्लीतला खड्डा या आठवड्यात बुजवून वर सिमेंट टाकणार, असे कळते. त्याआधी ते यंत्र खिडकीखाली आणून थोडा वेळ चालवावे आणि बंद करावे. खोदायचे काही नाही. शेजारच्या घरात तान्हे मूल आहे. त्या लोकांना मी विचारले आहे. तेवढा वेळ ते गोरखीला नातेवाइकांकडे जातील. त्या यंत्रावर आता नवा मुलगा असतो, पण रामवीर म्हणाला, "नया लड़का मत भेजना, बाबूजी. बंद मैं ही करूँगा." तरी त्यालाच पाठवावे.

७. शालिनीताई आपल्या खिडकीत उभ्या राहतील. आधी म्हणाल्या, "मानसिंगराव, माझ्याच्यानं हाक मारवणार नाही." काल निरोप पाठवला की मारते.

इंजिन थांबले की मी खिडकी उघडीन. तिचे विचारणे थांबले तर आपल्याला येऊन सांगेन. थांबले नाही तर पुन्हा अर्ज करणार नाही. मग मीच समजेन की तिला सोबत हवी आहे, आणि इंदूरला जाणार नाही.

आपल्या होकाराची वाट पाहणारा, नम्र,

(सही)
मानसिंगराव धायबर
कंपूमागील गल्ली, लष्कर, ग्वाल्हेर

सोबत :
१. आधीच्या अर्जाची प्रत
२. लीला मानसिंगराव धायबर यांच्या मृत्यूचा दाखला
३. धूर व आवाजाबद्दल हरकत नसल्याचे शेजाऱ्यांचे पत्र. शालिनीताईंची सही पहिली आहे.