मालेनची पहिली स्की

प्रिय रेमी,

मालेनला येऊन दहा दिवस झाले आणि मी आत्ता पत्र लिहायला बसते आहे, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घाल. पोरगी सुखरूप आहे. बसमधून उतरल्या उतरल्या तिचा पहिला प्रश्न, "आत्या, उड्यांच्या पार्कात कधी जायचं?" पिशव्या उतरवायचाही धीर नाही. अगदी तुझ्या वळणावर गेली आहे.

माझ्या स्कीच्या दुकानात तिचा डोळा सगळ्यात चकचकीत जोडीवर. मी म्हटलं, "बाई गं, ती उडणाऱ्यांची आहे. तू अजून महिनाभर नुसती पडणार आहेस." पार्कात नवशिक्याला मऊ स्की हवी, पायाखाली लवणारी. दोन्ही टोकं वर वळलेली, म्हणजे उलटं उतरलं तरी बर्फात रुतत नाही. लांबी फार तर नाकापर्यंत. आणि पार्कातल्या लोखंडी कठड्यांवरून घसरताना स्कीच्या कडांची धार जायचीच, म्हणून वापरलेलीच बरी. शेवटी हिरवी जोडी दिली. आधी तोंड वाकडं केलंन, मग गळ्यात पडली. बूट धरून ठेवणारे आणि पडलं की सोडणारे चाप मी स्वतः बसवले. त्यांचा आकडा वजन बघून ठरतो; जितका मोठा तितका चाप घट्ट. बावन्न किलोच्या नवख्या पोरीला पाच. इतकी वर्षं हेच केलंय, त्यामुळे मी हाताकडे बघितलंसुद्धा नाही.

पाच दिवसांत ती उडी मारून नीट उतरायला लागली. शुक्रवारी संध्याकाळी पावावर आटवलेल्या गोड दुधाचं दुल्से दे लेचे फासता फासता मी विचारलं, शिकवतं कोण? म्हणाली, "एक मुलगा आहे. लाल लोकरीची टोपी, पुढचा दात तुटका. फार चिडवतो गं! म्हणतो, पिठाचं पोतं फेकल्यासारखी काय पडतेस?" मी हसले. मग ती म्हणाली, "तो तुला ओळखतो, आत्या. म्हणाला, तिने आवळून दिलंय ना? मग मार उडी बिनधास्त, स्की सुटायची नाही." मी उठून तिच्या स्की पाहिल्या. दोन्ही चापांवर काटा नवावर होता.

लाल टोपी, तुटका दात कुणाचाही असेल, पण नऊ मी आयुष्यात एकालाच लावून दिले आहेत. मालेनला त्याला पाहिल्याचं आठवत नसणार; माझा लिसांद्रो गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. रेमी, तुला हे मी कधी बोलले नाही. उतरताना स्की निसटते म्हणून माझ्या पोराने हट्ट धरला होता, "आई, आवळ ना जरा!" मी आवळली. उडी चुकून तो झाडाखालच्या भुसभुशीत बर्फात डोक्यावर आपटला, तेव्हा स्की पायातून सुटल्या नाहीत. पाय वर अडकून राहिले, त्याला वळता आलं नाही, तिथेच गुदमरला. सगळा गाव म्हणतो, नशीब. आकडा फक्त मला ठाऊक होता.

या शुक्रवारी संध्याकाळीच मी मालेनच्या चापांचा काटा पाचवर आणला आणि दोनदा तपासला. शनिवारी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरच्या दिओनिसिओने मला अडवलं. "तुझी भाची ना ती? पार्क केव्हाच पलीकडच्या उतारावर नेलंय, आणि ही रोज जुन्या जागी जाते. एकटीच बडबडते, एकटीच खिदळते. आवर गं बाई तिला." त्या दिवशी मात्र मालेन लवकर घरी आली, तोंड एवढंसं करून. तो आलाच नव्हता.

रविवारी दुकान उघडलं तर काटा पुन्हा नवावर. कुलूप मीच लावलेलं, किल्ली माझ्याच गळ्यात. मी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि परत खाली ठेवला. संध्याकाळी ती हसत आली. म्हणाली, "तो विचारत होता, तुझी पाठ अजून दुखते का?"

आज मंगळवार. तीन सकाळी मी माझ्या हाताने त्या स्की तिला दिल्या आहेत, आकडा माहीत असून. आणि तीन संध्याकाळी दारात उभी राहिले आहे, तो आज काय बोलला ते ऐकायला. देवाची शपथ, बारा वर्षांत इतकी सुखी मी नव्हते. फोन केला नाही, कारण तुझा आवाज ऐकला की मी खोटं बोलेन. हे पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. वाचशील तसा निघ आणि पोरीला घेऊन जा. मी भांडेन, रडेन, ती इथे किती रमली आहे ते पटवून देईन. माझं ऐकू नकोस.

तुझीच ताई,
एर्मिंदा